ड्रिलची धार : टूलरूम ते घरगुती कार्यशाळा

प्रस्तावना :

धातूला भोक पाडणारे ड्रिल बोथट झाले म्हणजे त्याला धार लावावी की ते टाकून नवे आणावे, आणि धार लावावयाची तर ती हाताने की यंत्राने, हा प्रश्न वरकरणी बाजारातील एखादी वस्तू निवडण्याचा आहे. घरी छोटी कार्यशाळा थाटणाऱ्या हौशी कारागिरासमोर तो हमखास उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा किमतीवर व जाहिरातीवर ठरते. तथापि या प्रश्नामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाही. धार लावण्याचे कसब कोणाच्या हातात असावे, या वादाचा तो इतिहास आहे. धार लावणारे प्रत्येक साधन ते कसब एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवते. ते कोठून निघाले व कोठे गेले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात लेथ, मिलिंग यंत्र, वाफेचे इंजिन यांना मानाचे स्थान मिळते. हत्याराला धार लावणे हे मात्र दुय्यम, जवळजवळ घरकामासारखे काम मानले गेले. मराठी समाजाला ही उपेक्षा अपरिचित नाही. तलवारीला नावे मिळाली, पोवाड्यांत जागा मिळाली; तिला धार व झिलई देणारा शिकलगार मात्र जातीच्या यादीपुरताच उरला.

पात्याच्या ड्रिलकडून पन्हळीच्या ड्रिलकडे :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोखंडाला भोक पाडण्याचे नेहमीचे हत्यार म्हणजे चपटे, पात्यासारखे ड्रिल होते. पोलादी सळईचे टोक तापवून ठोकायचे, त्याला भाल्यासारखा आकार द्यायचा, घासून धार आणायची व पाणी द्यायचे, एवढीच त्याची कृती. आपल्याकडील सुताराचा सामता किंवा गिरमीट यांप्रमाणे हे हत्यारही वापरणाऱ्याच्या किंवा गावच्या लोहाराच्या आवाक्यातले होते. ते झिजले तर पुन्हा भट्टीत घालून ठोकता येई. त्याचे दोष मात्र मोठे होते. ते सरळ जात नसे, कीस बाहेर काढत नसे आणि दर वेळी घासल्यावर त्याचा व्यास बदलत असे. एकाच मापाची शंभर भोके पाडण्यास ते निरुपयोगी होते.

शंभर काय, लाखो भोकांची गरज अमेरिकेतील यादवी युद्धाने निर्माण केली. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला बंदुकांच्या निपलमध्ये बारीक भोके पाडावयाची होती. त्यासाठी लागणाऱ्या पिळाच्या ड्रिलवरील पन्हळी कामगार गोल कानशीने हातांनी घासून काढत. हे काम अतिशय वेळखाऊ होते. कंपनीच्या कारखान्याचे प्रमुख फ्रेडरिक हाउ यांनी ही अडचण ब्राउन अँड शार्प या कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांच्यापुढे मांडली आणि त्यातून युनिव्हर्सल मिलिंग यंत्राचा जन्म झाला. पहिले यंत्र मार्च १८६२ मध्ये प्रॉव्हिडन्स टूल कंपनीला विकले गेले. विसाव्या शतकातील यंत्रनिर्मितीचा एक आधारस्तंभ ठरलेले हे यंत्र ड्रिलच्या दोन पन्हळींसाठी तयार झाले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १८६३ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील स्टीफन मोर्स यांना पिळाच्या ड्रिलमधील सुधारणेसाठी पेटंट मिळाले. १८६४ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली व पुढे न्यू बेडफर्ड हे तिचे गाव बनले. ड्रिलच्या दांड्याचा ‘मोर्स टेपर’ आजही जगभरच्या कारखान्यांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोर्स यांच्या ड्रिलमुळे हत्याराचे स्वरूपच पालटले. ड्रिल आता लोहार करीत नव्हता. ते खोक्यातून, ठरावीक मापात, विकत येऊ लागले. त्याचा व्यास सर्व लांबीभर जवळजवळ सारखा असल्याने कितीही वेळा धार लावली तरी भोकाचे माप बदलत नसे.

येथेच एक पेच निर्माण झाला. ड्रिलचे अंग कारखान्यातून अचूक होऊन आले, परंतु त्याचे टोक झिजणारच होते आणि त्या टोकाला पुन्हा धार लावण्याचे काम कामगाराच्याच हाती राहिले. शिवाय हे टोक पात्याच्या ड्रिलइतके साधे नव्हते.

टोकाची भूमिती :

पन्हळीच्या ड्रिलच्या टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात. सर्वसाधारण कामासाठी या दोन कडांमधील कोन ११८ अंशांचा, म्हणजे प्रत्येक कडेचा अक्षाशी कोन ५९ अंशांचा, असा रूढ झाला. कडेच्या मागचा पृष्ठभाग थोडा उतरता ठेवावा लागतो. सामान्यतः हा उतार परिघापाशी ८ ते १२ अंश असतो. उतार नसेल तर ड्रिल कापण्याऐवजी नुसते घासते व तापते. उतार फार झाला तर कड कमकुवत होऊन तिचे तुकडे उडतात. दोन्ही कडांचा कोन व लांबी सारखी असावी लागते. एक कड लांब राहिली की टोक मध्यावरून सरकते आणि भोक ड्रिलपेक्षा मोठे पडते. कोन विषम झाले तर सगळा भार एकाच कडेवर येतो व ती लवकर जाते.

याखेरीज दोन कडांच्या मध्ये एक आडवी कड असते. ती कापत नाही. धातूला दाबून बाजूला सारते. ड्रिल आत रेटताना लागणाऱ्या जोराचा मोठा वाटा या बिनकामाच्या कडेवर खर्च होतो. पन्हळींमधला गाभा दांड्याकडे जाड होत गेलेला असल्याने ड्रिल जितक्या वेळा घासून आखूड होईल तितकी ही आडवी कड लांबत जाते. म्हणून जुन्या ड्रिलला धार लावताना टोकापाशी गाभाही पातळ करावा लागतो. अनेक घरगुती यंत्रांत या कामाची सोयच नसते, ही बाब निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इंग्लंडमधील संशोधक डी. एफ. गॅलोवे यांनी १९५७ साली अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेच्या नियतकालिकात ड्रिलच्या कार्यक्षमतेवरील आपले विस्तृत प्रयोग प्रसिद्ध केले. कडेमागचा पृष्ठभाग हा एका काल्पनिक शंकूचा भाग मानून त्यांनी टोकाची भूमिती मांडली. या शंकूचे शिखर ड्रिलच्या अक्षापासून किती दूर व कोणत्या बाजूला आहे यावर मागचा उतार ठरतो. तात्पर्य असे की ११८ अंशांचा कोन बरोबर आला म्हणजे धार बरोबर लागली असे होत नाही. जाणता कारागीर हे गणित न मांडता करीत होता. ड्रिल चाकाच्या तोंडाला टेकवताना मनगट किंचित खाली नेणे व त्याच वेळी दांडा थोडा फिरवणे, या एका हालचालीत तो शंकू दडलेला असतो.

टूलरूमचा उदय :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावपर्वात अमेरिकेतील कारखान्यांत ड्रिलला धार लावणारी स्वतंत्र यंत्रे येऊ लागली. ग्रँड रॅपिड्स येथे तयार होणारे ‘यँकी’ नावाचे ग्राइंडर हे त्यांतील एक. ड्रिल एका तिरप्या खोबणीत ठेवायचे आणि ती खोबण एका खिळीभोवती झुलवायची, ही त्यांची सर्वसाधारण रचना होती. कारागिराच्या मनगटाची हालचाल येथे लोखंडात ओतली गेली.

या यंत्रांना विचारप्रणालीचा आधार दिला तो फ्रेडरिक टेलर यांनी. मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० पासून त्यांनी धातू कापण्यावर प्रयोग आरंभले. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी धातू कापण्याच्या कलेवरील आपला प्रदीर्घ निबंध सादर केला, तेव्हा या प्रयोगांना २६ वर्षे झाली होती आणि त्यांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद यांचा कीस झाला होता. टेलर यांचा आग्रह असा की हत्याराचा आकार व कोन ठरलेले असावेत, धार टूलरूममध्ये स्वतंत्र माणसाने यंत्रावर लावावी आणि कामगाराच्या हाती तयार हत्यार द्यावे. कामगाराने आपल्या मर्जीप्रमाणे चाकावर हत्यार घासत बसणे हा त्यांच्या दृष्टीने वेळेचा व पोलादाचा अपव्यय होता.

हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात टेलरपद्धतीवर टीका करताना विचार आणि कृती यांची ताटातूट हे तिचे मर्म मानले. धार लावण्याचे काम टूलरूममध्ये जाणे हे या ताटातुटीचे लहानसे पण बोलके उदाहरण होय. बोथट हत्यार हातात घेऊन ते का बोथट झाले हे पाहणारा माणूस आणि ते वापरणारा माणूस आता वेगळे झाले. मात्र ब्रेव्हरमन यांची मांडणी येथे सरसकट लावणे योग्य ठरणार नाही. टेलर यांच्या आग्रहामागे मालकी हेतू होता तसेच एक भौतिक कारणही होते.

ते कारण पोलादात होते. जुन्या कार्बन पोलादाचे ड्रिल चाकावर जास्त तापले, त्याच्या कडेवर निळसर झाक आली, की त्याचे पाणी उतरे. दोनएकशे अंश सेल्सिअसच्या पुढेच ते मऊ पडू लागे. बेथलेहेम येथे टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ पासून जे प्रयोग केले त्यांतून हाय स्पीड पोलादाचा शोध लागला व १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ते जगासमोर आले. हे पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत आपली कठीणता टिकवते. कापण्याचा वेग वाढला, तसा एका ड्रिलचा भावही वाढला आणि चुकीच्या घासण्याने होणारे नुकसानही. तापलेले टोक एकदम पाण्यात बुडवले तर त्यावर बारीक तडे जातात. म्हणून हत्याराला धार लावताना पाण्याचा भरपूर झोत सतत असावा यावर टेलर यांनी भर दिला. सारांश, टूलरूमने कामगाराचे कसब काढून घेतले हे जसे खरे, तसेच नव्या पोलादाला जुन्या सवयी मानवत नव्हत्या हेही खरे.

टूलरूम मोठ्या कारखान्यांना परवडली. रेल्वेचे दुरुस्ती शेड, गॅरेज, दोन-चार माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान येथे ती कधीच पोहोचली नाही. तेथे भिंतीलगत एक ग्राइंडर असतो आणि ज्याचे ड्रिल त्यानेच धार लावायची असते. भारतात १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या फिटर अभ्यासक्रमात ड्रिलला हाताने धार लावणे हे प्रात्यक्षिक म्हणून आले. टेलर यांनी कामगाराच्या हातून जे काढून घ्यावयास सांगितले, तेच येथे शासकीय अभ्यासक्रमाने त्याच्या हाती दिले. लागणारी चाकेही तोवर देशात होऊ लागली होती. महाराष्ट्रात उरणजवळील मोरा येथे ग्राइंडवेलचा कारखाना १९४१ साली सुरू झालेला होता.

घरातील कार्यशाळा :

हौशी यंत्रकारागिरीला स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते इंग्लंडमध्ये. जानेवारी १८९८ मध्ये लंडन येथे पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती बनवणारे कारकून, शिक्षक, रेल्वे नोकर हा त्याचा वाचक. या वाचकासमोर कारखान्यातील प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. त्याच्यावर मुकादम नव्हता, घड्याळ नव्हते, टूलरूमही नव्हती. तो स्वतःच कामगार व स्वतःच टूलरूम होता. त्यामुळे हाताने धार लावता येणे हे या मंडळींत अभिमानाचे लक्षण ठरले. आणि त्याच वेळी ग्राइंडरशेजारी बसवावयाचे झुलते जिग, म्हणजे ‘यँकी’ यंत्राची गरीब भावंडे, यांचा मोठा ग्राहकही तोच झाला.

या परंपरेचे टोक म्हणजे लफबरो येथील प्राध्यापक डेनिस चॅडॉक यांनी आराखडलेला ‘क्वॉर्न’ हा टूल ग्राइंडर. १९७० च्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये तो क्रमशः प्रसिद्ध झाला. हे यंत्र मुळात विकत घ्यावयाचे नव्हते. लेथवर स्वतः बनवायचे होते. हत्याराला धार लावण्यासाठी आधी यंत्र बनवायचे आणि त्यासाठी महिनोन्महिने खर्च करायचे, हा व्यवहार हिशेबात बसणारा नाही. पण हौसेचा हिशेब वेगळा असतो, हे टेलर यांच्या घड्याळाने मोजता आले नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या क्षेत्रात एक निराळाच वर्ग आला. ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या विजेच्या ड्रिल यंत्राचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले होते. १९४६ मध्ये तिने घरगुती ग्राहकासाठी पाव इंची यंत्र बाजारात आणले. आता भोक पाडणारा माणूस कारागीर असण्याची गरज उरली नाही. त्याच्याकडे ग्राइंडर नव्हता व शिकवणाराही नव्हता. या ग्राहकासाठी पुढे डबीसारखी धार लावणारी छोटी यंत्रे निघाली. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील ॲशलंड येथील डॅरेक्स समूहाचे, १९९० च्या दशकात आलेले ‘ड्रिल डॉक्टर’ हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. ड्रिल एका चकमध्ये पकडायचे, ते एका खाचेत ठरावीक स्थितीत जुळवून घ्यायचे आणि मग हिऱ्याच्या कणांच्या चाकावर चक अर्धा-अर्धा फेरा फिरवायचा, अशी त्याची कृती आहे. शंकूचा आकार चकभोवतीच्या उंचसखल कडेतून आपोआप येतो.

निवडीचा प्रश्न :

या पार्श्वभूमीवर घरगुती कार्यशाळेसाठी कोणते साधन निवडावे याचा विचार करता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोणत्याही साधनाने कसब नाहीसे केलेले नाही. झुलत्या जिगमध्ये ते मनगटातून निघून जुळवणीत गेले. ड्रिल खोबणीबाहेर किती काढायचे, त्याची कड कोणत्या दिशेला ठेवायची, खिळी चाकापासून किती अंतरावर असावी, यांपैकी एक चुकले की कोन ५९ अंशांचा येतो आणि मागचा उतार उलटा. ‘हे जिग निरुपयोगी आहे’ अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा ही जुळवणी असते. शंकूच्या शिखराची जागा हललेली असते. विजेच्या डबीत तेच कसब पहिल्या टप्प्यात, चकमध्ये ड्रिल बसवण्यात, दडून बसते. तेथे ड्रिल थोडे जरी फिरले तर पुढचे सर्व काम इमानेइतबारे चुकीचे होते.

चाकाचा विचारही करावा लागतो. हाय स्पीड पोलादाच्या ड्रिलसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक योग्य. काँक्रीटला भोक पाडणाऱ्या ड्रिलचे कार्बाइड टोक त्या चाकावर घासले जात नाही; त्याला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे चाक लागते. जे यंत्र एकाच चाकावर दोन्ही कामे करण्याचे आश्वासन देते त्याच्या चाकाची माहिती आधी विचारावी. तसेच यंत्र फक्त ११८ अंशांचे टोक देते की कठीण धातूंसाठीचे १३५ अंशांचे टोकही देते, आणि टोकापाशी गाभा पातळ करण्याची सोय त्यात आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते. अशी सोय नसलेल्या यंत्रावर एखादे ड्रिल चार-पाच वेळा घासले की धार असूनही ते आत शिरेनासे होते.

व्यासाचा मुद्दा या सर्वांहून निर्णायक आहे. २-३ मिलिमीटरच्या आतील ड्रिल बहुतेक घरगुती जिग व डब्या नीट पकडू शकत नाहीत. आणि ती इतकी स्वस्त झाली आहेत की त्यांना धार लावण्यात वेळ घालवणे हौसेखेरीज कशानेच समर्थनीय ठरत नाही. ६ ते १२ मिलिमीटरच्या टप्प्यात मात्र नव्या ड्रिलची किंमत जाणवू लागते, टोक डोळ्यांना स्पष्ट दिसते व हाताला नीट धरता येते. म्हणजे यंत्राचा उपयोग ज्या मापांत सर्वाधिक, नेमक्या त्याच मापांत हातही सर्वांत सहज शिकतो. ज्याच्याकडे ग्राइंडर आधीच आहे अशा व्यक्तीने महागड्या डबीपूर्वी ५९ अंशांचे एक साधे गेज घेऊन दहा-वीस जुनी ड्रिल घासून पाहावीत, हे अधिक श्रेयस्कर वाटते. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही, जागा नाही आणि महिन्यातून दोनदाच भोक पाडायचे आहे, त्याला चक व हिऱ्याचे चाक असलेली डबी उपयोगी पडते, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. झुलते जिग या दोहोंच्या मध्ये आहे. ते स्वस्त आहे, पण त्याची जुळवणी समजून घेण्यास लागणारी चिकाटी हाताने शिकण्यास लागणाऱ्या चिकाटीहून फारशी कमी नाही.

साधन कोणतेही असो, धार बरोबर लागली की नाही याची परीक्षा एकच आहे. लोखंडी पट्टीवर ड्रिल चालवले असता दोन्ही पन्हळींतून सारख्या जाडीचा, वळत जाणारा कीस निघाला पाहिजे. एकाच पन्हळीतून कीस निघत असेल तर एक कड उंच राहिली आहे. भोक पडल्यावर त्याच ड्रिलचा दांडा त्यात घालून पाहावा. तो खुळखुळला तर कडांच्या लांबीत फरक आहे. गेज विकत नसेल तर फिटर लोक एकाच मापाचे दोन षटकोनी नट बाजूला बाजू लावून धरतात. त्यांच्यामधल्या खाचेचा कोन १२० अंशांचा असतो आणि ११८ अंशांचे टोक त्यात जवळजवळ तंतोतंत बसते. उजेडासमोर धरले की कोणती कड अजून घासावयाची आहे ते दिसते.